काचेच्या पेटीतले आठ कोन

माझं अक्षर वाचताना डोळ्यांना त्रास होईल, त्याची माफी आधीच मागून ठेवते. ओळ सरळ धरायचा प्रयत्न करते, पण ती वर चढते आणि मध्येच खाली येते. चौथी पास झाले तेव्हा गुरुजी म्हणाले होते, "शेवंती, तुझं गणित बरं आहे, पण अक्षर म्हणजे खाजणातल्या चिखलात बगळे चालून गेल्यासारखं." त्यानंतर शाळा सुटली. पुढे सही आणि वाण्याची यादी याच्यापलीकडे मी काही लिहिलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल तिथे वाचणाऱ्याने मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावं.

दिवाळीच्या अंकांत निवृत्त झालेले साहेब लोक नोकरीच्या आठवणी लिहितात. गिरणीत माझ्या शेजारी काम करणाऱ्या मेरीबायची मुलगी लीना शाळेत शिकवते, ती मला जुने अंक आणून देते. त्यांत मी डॉक्टर वाचले, फौजदार वाचले, एक जंगलखात्याचे साहेब वाचले. गिरणीतली बाई काही सापडली नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही, लिहून छापायला पाठवणं तर दूरच. ही वही माझ्या पेटीत लुगड्यांच्या खाली राहणार आहे. पण लिहिल्याशिवाय राग जात नाही, म्हणून लिहिते.

आमची गिरणी विरारच्या पूर्वेला, चंदनसारच्या अलीकडे होती. मुंबईच्या गिरण्यांपुढे अगदीच लहान. कापूस यायचा आणि सूत होऊन बाहेर पडायचं. मी नायगावच्या खाडीकडची. आमच्या घरात सगळे मिठागरावर राबलेले. लग्न होऊन मनवेलपाड्याला आले आणि शेजारच्या पार्वतीने मला गिरणीत नेलं. वायंडिंग खात्यात सगळ्या मिळून आम्ही बावीस बायका होतो.

वायंडिंग म्हणजे काय ते सांगते. सूत कातून झालं की ते बोटभर जाडीच्या बॉबिनवर येतं. एका बॉबिनवर फार सूत मावत नाही. म्हणून बऱ्याच बॉबिनचं सूत एकामागून एक जोडत कागदाच्या पुठ्ठ्याच्या एका कोनावर गुंडाळायचं. नारळाच्या आकाराचा तो पांढरा कोन बाजारात जातो. एका बाईकडे तीस चात्या, म्हणजे सूत गुंडाळणारे फिरते दांडे. कुठे बॉबिन संपतंय, कुठे धागा तुटतोय, इकडे तिकडे धावत राहायचं आणि तुटलेला धागा गाठ मारून जोडायचा. गाठ एवढी बारीक हवी की बोटाला लागता कामा नये. जाड गाठ पुढे मागावर अडकते आणि कापडाला भोक पडतं. आठ तासांत शेकडो गाठी. माझी उजव्या हाताची तर्जनी अजून वाकडी आहे.

प्रत्येक कोनाच्या सुरुवातीला वीतभर धागा मोकळा सोडायचा आणि पुठ्ठ्याच्या भोकात खोचून ठेवायचा. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. एक कोन संपत आला की त्याच्या शेपटाला दुसऱ्या कोनाचं टोक बांधतात, म्हणजे काम थांबत नाही. या शेपटाच्या टोकाला प्रत्येक बाई आपली खूण बांधायची, बोटाएवढा रंगीत दोरा. माझा लाल. पार्वतीचा हळदीत भिजवलेला पिवळा. मेरीबायचा निळा. घरी कपड्यांना घालायच्या निळीत ती दोरा बुडवून आणायची आणि त्याला तीन गाठी मारायची. मी एकदा विचारलं, तीन कशाला? ती म्हणाली, "बाप, पुत्र आनि पवित्र आत्मा. तिघांचं लक्ष असलं म्हनजे धागा तुटत नाय." धागा तुटायचा तो तुटायचाच, पण तिच्या गाठी सगळ्या खात्यात बारीक.

ही खूण आमच्या हौसेची नव्हती. कोन खराब निघाला की आमच्यावर देखरेख करणारा जॉबर दत्तू शेपूट ओढून बघायचा आणि ज्या बाईचा दोरा असेल तिच्या नाकासमोर तो कोन नाचवायचा. बावीस बायकांचे बावीस दोरे त्याला तोंडपाठ होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट. खात्यात यंत्रांचा आवाज एवढा, की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. त्यामुळे आम्ही सगळ्या ओठांनी बोलायचो. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, समोरची बरोबर वाचते. माझ्यासारख्या लाजरीला ते फार सोयीचं होतं. जगात मी मुकी, पण खात्यात माझी बडबड थांबायची नाही. दत्तू जॉबर येताना दिसला की पार्वती पलीकडच्या टोकाहून ओठांनी म्हणायची, "उठा गं, मामंजी आले." सगळ्या पदर तोंडावर धरून हसायच्या आणि तो विचारायचा, "काय झालं, काय झालं?" त्याला ओठ वाचता येत नसत.

मेरीबाय वसईकडच्या एका ख्रिस्ती वाडीतली. घरची केळीची बाग. सकाळी टोपलीत राजेळी केळी घेऊन यायची, पाळीच्या आधी आम्हा बायकांना विकायची आणि संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन जायची. सातवीपर्यंत शिकलेली. रविवारी चर्चमध्ये उभी राहून बायबलमधला उतारा वाचायची. मला पहिल्या महिन्यात गाठ मारायला तिने शिकवलं. मला जमायचं नाही, तेव्हा माझ्या मागे उभी राहून आपल्या बोटांनी माझी बोटं हलवायची.

एका शनिवारी दुपारी ती पाणी प्यायला गेली होती. ऑफिसातला एक माणूस खात्यात आला. पायात पांढरे बूट, हातात लाकडी ट्रे. असे बूट घालून आमच्या खात्यात कोणी येत नसे, म्हणून माझं लक्ष गेलं. त्याने मेरीबायच्या फळीवरचे भरलेले कोन उचलून उजेडाकडे धरून बघितले, आठ निवडले, ट्रेमध्ये ठेवले आणि निघून गेला. ना चिठ्ठी, ना पावती. मी शेजारच्याच यंत्रावर होते. मला वाटलं, ऑफिसचा माणूस आहे, नोंद करेल.

पाळी सुटायच्या वेळी कोन मोजले. मेरीबायचे आठ कमी.

"मेरी, आठ कोन कुठे गेले?" दत्तूने विचारलं.

"फळीवर व्हते. पानी पिऊन आले, तवा मोजले नाय मी."

"पाणी पिऊन आलीस की टोपलीत घालून आलीस?"

गेटवर सगळ्या पाळीसमोर तिची टोपली उपडी केली. आतून केळीचं एक सुकलेलं पान पडलं. मग तिला पदर झाडायला लावला. काही सापडलं नाही. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं की काही सापडलं नाही म्हणजे चोरी झाली नाही. पण दत्तू म्हणाला, "मग दुपारच्या सुट्टीत बाहेर पोचवले." संपलं. दंडवहीत लिहिलं, सूत चोरी, आठ कोन, एकशे वीस रुपये, दरमहा बारा रुपये पगारातून कापणे. वही तिच्यापुढे धरली.

"मला सही येते," ती म्हणाली.

"बायकांचा अंगठाच घेतो आम्ही," दत्तू म्हणाला आणि शाईची डबी उघडली. तिने हात मागे घेतला, तर त्याने मनगट धरून अंगठा टेकवला.

मी चार हातांवर उभी होते. यंत्रं बंद झालेली. गेटवर एवढी शांतता, की शाईच्या डबीचं झाकण लागलेलं ऐकू आलं. आणि मी म्हणाले, "पांढऱ्या बुटांचा माणूस घेऊन गेला." पण नुसत्या ओठांनी. आवाज आलाच नाही. खात्यातल्या सवयीमुळे आला नाही, की भीतीने आला नाही, हे मी स्वतःला अजून विचारते. मला कामाला लागून सहा महिने झाले नव्हते, घरात दुसरा पगार नव्हता. ही कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत.

तिला कामावरून काढलं नाही. चोर असेल तर काढा ना! पण तिच्यासारखा हात चालणारी दुसरी बाई नव्हती. चोर म्हणायचं, दंड कापायचा आणि वर तिच्याकडूनच सर्वांत बारीक गाठी मारून घ्यायच्या. युनियनच्या माणसाला पार्वतीने सांगितलं, तर तो म्हणाला, "बारा रुपयांसाठी गेट बंद करू काय?" दहा महिने पैसे कापले. मेरीबायने त्या दिवसानंतर केळी आणणं बंद केलं. रिकाम्या हाताने यायची, रिकाम्या हाताने जायची आणि गेटवर स्वतःहून दोन्ही हात वर करून दाखवायची. पांढऱ्या बुटांच्या माणसाबद्दल मी तिला एका अक्षराने बोलले नाही. जेवढे दिवस जात होते, तेवढं ते बोलणं जड होत होतं.

पुढे गिरणीचा एकेक भाग बंद होत गेला. आमचं खातं गेलं. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या. राहिला तो पुढचा तुकडा, धुराडं आणि आमच्या खात्याची लांबट खोली. मालकाच्या मुलाच्या मनात आलं, की इथे गिरणीची आठवण म्हणून बाग करावी. बागेत जुनी यंत्रं, खोलीत काचेच्या पेट्या, बाहेर पाटी, 'गिरणी स्मृती उद्यान'. बाग उघडली त्या महिन्यात जुन्या कामगारांना पत्रं आली. आपण आमचे सन्माननीय पाहुणे आहात, असं पत्रात होतं. मी आणि पार्वती गेलो. मेरीबायला विचारलं, तर ती म्हणाली, "त्या गेटातून मी एकदाची बाहेर पडले. आता परत आत नाय."

गेटवर आमच्याकडे माणशी एक रुपया मागितला. पार्वतीने पत्र दाखवलं.

"पत्र सन्मानाचं आहे, तिकीट वेगळं," खिडकीतला माणूस म्हणाला.

"अरे, पंधरा वर्षं या गेटातून आत आले, तेव्हा उशीर झाला म्हणून पैसे कापायचात. आता वेळेवर आले तरी कापताय?"

मी दोन रुपये दिले आणि तिला ओढत आत नेलं. मला भांडण सहन होत नाही.

आत काय बघावं! आमची यंत्रं चंदेरी रंगाने रंगवलेली, लग्नाच्या बँडसारखी चमकत होती. एका यंत्रापुढे प्लास्टरची बाई उभी केली होती. नाकात नथ, केसांत गजरा, हिरवं लुगडं, चेहऱ्यावर हसू. गजरा घालून वायंडिंगवर उभं राहिलं तर चातीत केस जातील, हे करणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. डोक्याला आम्ही फडकं गच्च बांधायचो, तरी संध्याकाळी भुवया रुईने पांढऱ्या व्हायच्या. प्लास्टरच्या बाईच्या भुवया काळ्याभोर. हातात धागाही उलट्या बाजूने धरलेला. खाली पाटी, 'येथे महिला कामगार गाणी गात आनंदाने सूत गुंडाळीत असत.'

"गानी?" पार्वती म्हणाली. "शेवंते, तुला हितं स्वतःचा खोकला तरी ऐकू यायचा का गं?"

तेवढ्यात टोपी आणि पट्टा घातलेला एक म्हातारा हातात काठी घेऊन पाहुण्यांना माहिती सांगत आला. आवाज ओळखीचा. दत्तू जॉबर! बागेने त्याला मार्गदर्शक म्हणून ठेवला होता. आमच्या बावीसपैकी एकीलाही कुणी विचारलं नाही. ज्याला उभ्या आयुष्यात एक गाठ मारता आली नाही, तो लोकांना गाठ कशी मारतात ते सांगत होता.

काचेच्या पहिल्या पेटीपाशी तो थांबला. आत दंडवही उघडून ठेवली होती. "त्या काळी शिस्त कशी होती बघा," तो म्हणाला आणि काठीने काचेवर टकटक केली. मी वाकून वाचलं. ते पान मेरीबायचं होतं. नाव, सूत चोरी, आठ कोन, तारीख आणि अंगठा. बाजूच्या कार्डावर छापलं होतं, 'गिरणीतील चोरीची नोंद. निरक्षर कामगार स्त्रीचा अंगठा.'

माझ्या कानांत यंत्रं सुरू झाल्यासारखं झालं. बारा वर्षं गेली होती. ती वही वाळवीने खायला हवी होती. हजारो पानांतून यांना हेच पान उघडावंसं वाटलं, आणि आता रुपया घेऊन ते जगाला दाखवत होते. निरक्षर म्हणे. जी बाई चर्चमध्ये उभी राहून वाचते, ती निरक्षर?

डोळे पुसत मी पुढच्या पेटीकडे सरकले. त्यात कोन मांडले होते. बारा होते, सूत पिवळं पडलेलं. कार्डावर लिहिलं होतं, 'आमच्या गिरणीचे उत्कृष्ट सूत. मोठ्या ग्राहकास दाखवण्यासाठी निवडलेला नमुना.' शेजारी ऑफिसच्या नमुन्याच्या कपाटातली मूळ चिठ्ठी, कुणाच्या तरी अक्षरात, तारखेसकट. एक कोन आडवा पडला होता, भोक माझ्याकडे. भोकातून शेपूट लोंबत होतं. निळं. मी काचेला नाक लावून गाठी मोजल्या. तीन.

मग मी दोन पावलं मागे आले आणि वहीवरची तारीख वाचली. पुन्हा पुढे गेले आणि चिठ्ठीवरची तारीख वाचली. एकच तारीख.

चोरी एका पेटीत आणि चोरीचा माल शेजारच्या पेटीत. मध्ये दोन हातांचं अंतर. मांडणाऱ्यांनी दोन्ही कार्डं छापली, दोन्ही तारखा लावल्या, काचा पुसल्या, आणि एकालाही शंका आली नाही. कशी येणार? वहीत लिहिलेलं खरं, असं धरूनच ते चालले होते.

आणि मी काय केलं? पुन्हा गप्प बसले. पार्वतीने ओठांनी विचारलं, "काय झालं?" मी ओठांनीच सांगितलं. ती तिथल्या तिथे दत्तूवर धावून जाणार होती, मी तिचा हात धरला. म्हटलं, आधी मेरीबाय.

मी तिच्या घरी पोचले तेव्हा मेरीबाय अंगणात केळीचा घड उतरवत होती. लीना ओट्यावर मुलांच्या वह्या तपासत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पेट्या, कार्डं, शेपूट, तारखा. आणि मग जे बारा वर्षं सांगितलं नव्हतं तेही, की पांढऱ्या बुटांच्या माणसाला मी कोन नेताना बघितलं होतं.

मेरीबायने कोयता खाली ठेवला. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्या दिवशी गेटावर तुझे ओठ हलले. मी वाचले. पांढऱ्या बुटांचा मानूस. मला सगळं कळलं तवाच."

"मग तू का नाही बोललीस? माझं नाव का नाही घेतलंस?"

"नुसत्या ओठांची साक्ष दत्तूने घेतली असती काय? मी वाट पाह्यली, शेवंती. म्हटलं, हिचा आवाज उद्या येल, परवा येल." तिने घडाला चिकटलेला चीक पदराला पुसला. "बारा वर्सं झाली."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं, जमिनीत जावं.

लीना उठून आली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला चोरीचं काही माहीतच नव्हतं, आईने कधी सांगितलंच नव्हतं. "आई," ती म्हणाली, "शुक्रवारी माझ्या चौथीच्या वर्गाची सहल त्या बागेत आहे. हेडबाईंनीच ठरवली. मी मुलांना ते पान वाचायला लावलं असतं. मोठ्याने."

मेरीबाय माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरवारी जाऊ. आता तरी आवाज काढ."

गुरुवारी आम्ही चौघी गेलो. खिडकीत मेरीबायने रुपया ठेवला आणि म्हणाली, "ह्याची पावती दे. परत घ्यायचाय." आत बागेचे व्यवस्थापक होते, तिशीचे, गोड बोलणारे. मेरीबाय सरळ कोनांच्या पेटीपुढे जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं.

"साहेब, ही पेटी उघडा," मी म्हणाले. ओठच हलले.

"काय म्हणता, मावशी?"

मी डोळे मिटले. मनात तीस चात्या सुरू केल्या, सगळ्या खात्याचा आवाज सुरू केला, आणि त्या आवाजाच्या वर जाईल असं ओरडले, "ही पेटी उघडा! यातले आठ कोन चोरीला गेले म्हणून तुम्ही शेजारी लिहून ठेवलंय!"

खोलीतले सगळे पाहुणे वळले. बाहेरचा माळी दारात आला. मला स्वतःला माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. पण एकदा निघाल्यावर तो थांबेना. पांढरे बूट, ट्रे, फळी, टोपली, अंगठा, सगळं सांगितलं. व्यवस्थापकांनी आधी वहीची तारीख वाचली, मग चिठ्ठीची. पुन्हा वहीची वाचली. मग खिशातून किल्ली काढली.

मेरीबायने एकेक कोन उचलला, उलटा केला, भोकात बोट घातलं आणि शेपूट बाहेर ओढलं. निळं, तीन गाठी. दुसरं निळं. तिसरं. लीना मोजत होती. बारापैकी आठ निळे. उरलेल्या चारांत एक पिवळा होता. पार्वती म्हणाली, "हा माझा! मग मला का नाय पकडलं? एक कोन म्हनजे चोरी नाय काय?"

दत्तू काठी घेऊन आला. "निळे दोरे काय, पुष्कळ जणी बांधायच्या," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांनी कोण लक्षात ठेवतं?"

"कच्ची गाठ निघाली की शेपूट ओढून आमच्या नाकासमोर नाचवायचात," मी म्हणाले, "तेव्हा कुणाचा दोरा ते एका क्षणात कळायचं. त्या शनिवारी ऑफिसात जाऊन आठ शेपटं ओढून बघायला तुम्हाला किती वेळ लागला असता?"

तो काठीच्या टोकाने फरशीवर रेघोट्या ओढत राहिला.

व्यवस्थापक खरंच ओशाळले होते, ते मी नाकारत नाही. म्हणाले, "मी हे पान आत्ता बंद करतो. वही आतल्या कपाटात ठेवून देतो."

"बंद नाय करायचं," मेरीबाय म्हणाली. "एवढे दिवस उघडं ठेवलंत नं? आता उघडंच राहू द्या. खाली खरं काय ते लिहा."

"तुमचा सत्कार करू. मालकांना सांगतो. शाल, श्रीफळ, पाचशे एक रुपये."

"सत्कार कसला? चोरी नाय केली म्हनून? ती तर तुमच्या बागेतल्या कितीतरी लोकांनी नाय केली. माझे कापले तेवढे द्या. एकशे वीस. एक जास्त नको, एक कमी नको."

लीनाने तिथेच बसून कार्ड लिहिलं. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. 'ही चोरी झालीच नव्हती. आठही कोन शेजारच्या पेटीत आहेत. ज्यांचा अंगठा बळेच घेतला, त्या बाईंना लिहिता-वाचता येते. त्यांची सही खाली आहे.' आणि मेरीबायने सही केली, पूर्ण नाव. मेरी सायमन लोपीस. शेवटच्या अक्षराखाली एक रेघ ओढली.

शुक्रवारी चौथीचा वर्ग आला. लीनाने सांगितलं, एका मुलीने ते कार्ड मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "बाई, मग चोर कोण?" मी उत्तर दिलं असतं, पण मी तिथे नव्हते.

पैशांचं मात्र सोपं झालं नाही. ऑफिस म्हणालं, वायंडिंग खातं बंद झालं, तर पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे? कापताना त्यांना असं काही विचारावं लागलं नव्हतं. मेरीबाय दर सोमवारी जायची, मी तिच्याबरोबर. आता मला आवाज होता, म्हणून ती मला नेई. तिसऱ्या महिन्यात पाकीट आलं, त्यात शंभर रुपये. शिपाई म्हणाला, वरचे वीस किरकोळ म्हणून सोडून द्या. तिने पाकीट तसंच परत पाठवलं.

त्यानंतर पंधरवड्याने तिच्या अंगणात सायकल थांबली. दत्तू जॉबर. त्यालाच पाठवला होता. मी तिच्याबरोबर ओट्यावर केळी सोलत बसले होते, उन्हात वाळवून सुकेळी करायला. तो चप्पल काढून उभा राहिला. पिशवीतून पाकीट काढलं, छापील पावती काढली आणि सवयीने खिशातून शाईची डबी काढून ओट्यावर ठेवली. तीच का कोण जाणे, पण तसलीच, पत्र्याची.

मेरीबायने हात धुतले, पुसले आणि नोटा मोजल्या. एकशे वीस. पाकिटाच्या तळाशी एक नाणं होतं, तिकिटाचा रुपया. तो तिने वेगळा ठेवला.

"पुरे आले," ती म्हणाली. "लीना, माझं पेन आन."

तिने पावतीवर पूर्ण नाव लिहिलं, सावकाश. दत्तूने पावती घेतली, त्यावर फुंकर मारली आणि घडी केली. मग ओट्यावरची शाईची डबी उचलली आणि न उघडताच खिशात टाकली.